खोक्यात मावणारी अभिरुची

एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या, वेगळ्या हवामानातल्या आणि वेगळ्या मिळकतीच्या घरांमधल्या बैठकीच्या खोल्या आज एकमेकींसारख्या दिसू लागल्या आहेत. फिकट भिंत, बारीक पायांचा सोफा, गोल टीपॉय, विणलेल्या झाकणाचा दिवा आणि कोपऱ्यात रुंद पानांचे एखादे झाड. या सारखेपणाचे खापर सहसा अल्गोरिदमवर फुटते. शिफारस करणारी यंत्रणा तेच ते दाखवत राहते आणि लोक तेच ते घेत राहतात, असा हा आरोप आहे. त्यात तथ्य आहे, परंतु तो अपुरा आहे, आणि अपुरा असल्यामुळे त्यातून निघणारा उपायही वैयक्तिक संयमाच्या उपदेशापाशी थांबतो: स्वतःची आवड जपा, स्क्रीनपासून थोडे लांब राहा. मला हा प्रश्न सार्वजनिक वाटतो. घरात येणाऱ्या वस्तूला आज दोन चाचण्या पार कराव्या लागतात. ती छोट्याशा छायाचित्रात उठून दिसली पाहिजे आणि ती खोक्यात मावली पाहिजे. या दोन्ही चाचण्या वापराच्या पहिल्या काही आठवड्यांपलीकडे पाहत नाहीत. ज्या गुणांची ओळख वर्षानुवर्षांच्या सहवासानेच पटते ते गुण या हिशेबात धरलेच जात नाहीत, आणि जे हिशेबात नाही ते कालांतराने कोणी बनवेनासे होते. अभिरुची घडते ती समोर असलेल्या वस्तूंमधून. समोर काय असेल हे ठरवणारे निकष म्हणूनच खाजगी मामला राहत नाहीत.

सारखेपणा ही काही आजची गोष्ट नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. ब्रिटनमधील सायन्स म्युझियम समूहाच्या संग्रहातल्या नित्य वापराच्या वस्तूंची सात हजारांहून अधिक छायाचित्रे २०२० साली संगणकाद्वारे तपासली गेली, तेव्हा एकोणिसाव्या शतकापासून पुढे राखाडी छटांचे प्रमाण वाढत गेल्याचे आढळले. याचे एक मोठे कारण लाकडाची जागा धातूने आणि प्लास्टिकने घेतली, हे असावे. म्हणजे रंग उडण्याची प्रक्रिया शिफारस-यंत्रणा जन्माला येण्याच्या फार आधी सुरू झाली होती. घरांचे प्रमाणीकरणही जुनेच आहे. वास्तुरचनाकार मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी आखलेले स्वयंपाकघर साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते, आणि त्या आराखड्याची सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे उभी राहिली. एका शहरातली हजारो कुटुंबे अक्षरशः एकाच मापात स्वयंपाक करत होती.

त्या प्रमाणीकरणात आणि आजच्या सारखेपणात मला जो फरक दिसतो तो उत्तरदायित्वाचा आहे. ते स्वयंपाकघर कोणी आखले, कशासाठी आखले, काम करणाऱ्या बाईची पावले वाचावीत म्हणून ओट्याची आणि कपाटांची जागा कशी ठरवली, हे सगळे जाहीर होते. हेतू जाहीर असल्यामुळे टीकाही नेमकी करता आली: इतक्या अरुंद जागेत दोघांनी मिळून काम करणे कठीण होते, आणि घरातली बाई तिथे एकटी पडत होती. आज अमुक एक सोफा यादीत सर्वांत वर का आहे, असे विचारायला समोर कोणी माणूस नसतो. त्या क्रमामागे एखादा विचार असावा आणि तो कोणीतरी समर्थनासाठी मांडावा, अशी अपेक्षाही आपण सोडून दिली आहे.

क्रम लागतो कसा, हे थोडे तपशिलात पाहणे आवश्यक आहे. अ‍ॅमेझॉनने १९९८ पासून वापरलेली आणि २००३ साली तिच्या अभियंत्यांनी शोधनिबंधातून मांडलेली पद्धत मुळात अगदी साधी होती. एका वस्तूच्या खरेदीदारांनी आणखी कोणत्या वस्तू घेतल्या याची नोंद करायची आणि वस्तूंची परस्परांशी जवळीक काढायची. ही पद्धत झपाट्याने पसरली, कारण कोट्यवधी ग्राहकांसाठीही तिचे गणित चटकन होते. आजच्या यंत्रणा तिच्यापेक्षा फार गुंतागुंतीच्या आहेत, त्या चित्रातला आकार ओळखतात आणि वर्णनाचा अर्थ लावतात. तरीही त्यांना शिकवताना यश म्हणून जे दाखवले जाते ते बहुतांशी तेच असते: बोट कुठे थांबले, वस्तू टोपलीत गेली का, पैसे भरले गेले का, ती परत आली का. खुर्चीवर तीन तास बसल्यावर पाठ दुखते का, दुसऱ्या पावसाळ्यात कपाटाचे दार फुगते का, टेबलावर पडलेला ओरखडा शोभून दिसतो की विद्रूप वाटतो, यांपैकी एकही गोष्ट या नोंदीत नसते.

त्यात भर पडते ती दाखवण्याच्या आणि निवडण्याच्या चक्राची. २००६ साली मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग संगीताचा असला तरी इथे अगदी लागू पडतो. चौदा हजारांहून अधिक लोकांना त्यांनी ४८ अपरिचित गाणी ऐकायला दिली. काहींना इतरांनी किती वेळा कोणते गाणे उतरवून घेतले हे दिसत होते, काहींना दिसत नव्हते. आकडे दिसणाऱ्यांचे आठ स्वतंत्र गट होते. आकडे दिसू लागताच लोकप्रिय गाणी अधिक लोकप्रिय झाली आणि मागची आणखी मागे पडली. शिवाय प्रत्येक गटात यशस्वी ठरलेली गाणी वेगळी होती. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि वाईट गाणी सहसा वर आली नाहीत, पण मधल्या मोठ्या पट्ट्यात काय वर येईल याचा काहीच नेम नव्हता. घरातल्या बहुतेक वस्तू याच मधल्या पट्ट्यातल्या असतात, ना अप्रतिम ना टाकाऊ. त्यांच्यात कोण पुढे जाणार हे सुरुवातीच्या थोड्याशा आघाडीवर ठरते, आणि ती आघाडी आता जाहिरातीचे शुल्क भरून विकतही घेता येते.

डॅनियल फ्लेडर आणि कार्तिक होसनगर यांनी २००९ साली मांडलेला निष्कर्ष या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिफारशींमुळे एकेका माणसाला त्याच्यासाठी नव्या असलेल्या वस्तू भेटू शकतात आणि त्याच वेळी सगळ्यांची मिळून विविधता घटू शकते, असे त्यांनी दाखवले. प्रत्येकाला काहीतरी नवे मिळते, पण सगळ्यांना तेच नवे मिळते. आपल्या घराबद्दल आपल्याला वाटणारे समाधान आणि सगळी घरे सारखी झाल्याची तक्रार, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे कोडे यातून सुटते. आपण फसवले गेलो असे कोणालाच वाटत नाही, कारण व्यक्तीच्या पातळीवर फसवणूक झालेलीच नसते.

आता छायाचित्राची चाचणी. अ‍ॅमेझॉनवर वस्तूच्या मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी असावी लागते आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. तुलना सोपी व्हावी म्हणून केलेला हा नियम समजण्यासारखा आहे, पण त्याचा परिणाम असा होतो की घरातली वस्तू घराविना पाहण्याची सवय लागते. खुर्चीचा अर्थ टेबलाशी असलेल्या तिच्या उंचीच्या नात्यात असतो, खिडकीतून येणाऱ्या उजेडात असतो, तिच्याभोवती फिरायला उरणाऱ्या जागेत असतो. पांढऱ्या शून्यात ठेवलेल्या खुर्चीकडे उरते ती केवळ बाह्यरेषा. मग ज्या वस्तूंची बाह्यरेषा अंगठ्याएवढ्या चित्रातही ओळखू येते त्या पुढे जातात, आणि ज्यांचे सौंदर्य सांध्यांच्या कारागिरीत, लाकडाच्या वजनात किंवा खणाच्या सरकण्यात आहे त्या मागे राहतात. जाड धाग्याच्या, लहान लहान वेटोळ्यांच्या कापडाचे सोफे गेल्या काही वर्षांत सगळीकडे दिसले, यामागेही मला हेच कारण दिसते. त्या कापडाचा पोत सावल्यांमुळे चित्रात विलक्षण खुलतो. तो साफ करणे किती कष्टाचे आहे हे चित्रात दिसत नाही.

वस्तू खोलीत मांडून दाखवली जाते तेव्हाही ती खोली बहुधा अस्तित्वात नसते. आयकिया या फर्निचर कंपनीने २००६ साली आपल्या कॅटलॉगमध्ये संगणकावर तयार केलेले एका खुर्चीचे चित्र पहिल्यांदा वापरले, आणि २०१४ पर्यंत तिच्या उत्पादनांची सुमारे ७५ टक्के चित्रे अशी तयार होऊ लागली होती. त्या खोल्यांमध्ये विजेच्या वायरी नसतात, पुस्तके वाचून वाकलेली नसतात, आणि कोणाचे आजारपण, कोणाचा अभ्यास, कोणाचे शिवणकाम तिथे कधी चाललेले नसते. अशा खोल्या रोज शेकड्यांनी पाहिल्यावर स्वतःच्या राहत्या खोलीत काहीतरी कमी आहे असे वाटू लागणे स्वाभाविक आहे. जे कमी वाटते ते विकत घेता येईल अशाच स्वरूपात समोर असते.

खोक्याच्या चाचणीबद्दल याहून कमी बोलले जाते, आणि मला ती अधिक निर्णायक वाटते. १९५६ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतले मालवाहतूक व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांचे 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले, आणि ठरावीक मापाच्या पेट्यांतून माल नेण्याच्या आजच्या पद्धतीची ती सुरुवात मानली जाते. त्याच सुमारास आयकियाने टेबलाचे पाय सुटे करून सपाट खोक्यात विकण्याची पद्धत अंगीकारली. तेव्हापासून फर्निचरच्या रचनेवर माल वाहून नेणाऱ्याच्या मापाची सत्ता वाढत गेली आहे. घरपोच डिलिव्हरीने ती पूर्ण केली. दुकानात ठेवलेले अवजड कपाट एकदाच आणावे लागत असे. आता प्रत्येक नग स्वतंत्र खोक्यातून, अनेक हातांतून आणि यंत्रांतून प्रवास करतो. २०१५ च्या आरंभापासून फेडेक्स आणि यूपीएस या कंपन्यांनी अमेरिकेत जमिनीवरून जाणाऱ्या सर्वच पार्सलांना व्हॉल्यूमेट्रिक वजनाचा हिशेब लागू केला. खोके हलके असले तरी त्याने जितकी जागा अडवली तितके भाडे पडू लागले. पोकळ, फुगीर, वक्र वस्तू पाठवणे त्यामुळे महाग झाले, आणि सपाट, सुटी करता येणारी, एकात एक बसणारी वस्तू स्वस्त पडू लागली. बारीक पायांच्या, सरळ रेषांच्या फर्निचरला आपण आधुनिक अभिरुची म्हणतो. त्या अभिरुचीचा मोठा भाग भाडेआकारणीच्या कोष्टकात तयार झाला आहे, असे माझे मत आहे.

याचा परिणाम साहित्यावरही होतो. सपाट खोक्याला सर्वांत सोयीचा असतो तो लाकडाच्या भुशाचा आणि चुऱ्याचा दाबून केलेला बोर्ड, वरून लाकडाच्या छापाचा पातळ थर आणि जोडायला फिरवून घट्ट होणारे कॅम-लॉक. असे कपाट एकदा जोडले की आपल्या जागी ठीक उभे राहते. ते खोलून दुसऱ्या घरी पुन्हा जोडायचे झाले तर स्क्रूभोवतीचा बोर्ड भुगा होऊन सुटतो आणि पकड ढिली पडते. ज्या काळात माणसे पूर्वीपेक्षा अधिक वेळा घरे बदलतात त्याच काळात घर बदलणे न सोसणारे फर्निचर सर्वत्र मिळावे, ही विसंगती बोचणारी आहे. छोट्या सजावटीच्या वस्तूंचीही गत वेगळी नाही. अ‍ॅमेझॉनने २०२५ साली आपल्या कामात दहा लाख रोबो लावल्याचे जाहीर केले. त्यांतल्या काहींची पकड हवा शोषून वस्तू उचलते. अशा गोदामात सपाट पृष्ठभागाचे, ठरलेल्या मापाचे पुडके विनातक्रार पुढे सरकते, आणि हाताने घडवलेली, प्रत्येक नग थोडा वेगळा असलेली वस्तू अडचण ठरते. कोणीही तिच्यावर बंदी घातलेली नाही. तिची किंमत वाढते, ती उशिरा पोहोचते आणि यादीत खाली जाते, इतकेच.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गादीच्या बाबतीत खोक्याने ग्राहकाचे हितही केले आहे. फोमची गादी दाबून, गुंडाळून घरी पाठवणाऱ्या अनेक कंपन्यांनी शंभर रात्री वापरून पाहण्याची मुभा दिली, आणि दुकानात बूट घालून पाच मिनिटे पाठ टेकण्यापेक्षा ही परीक्षा नक्कीच बरी. मुदत लांबली की निवड सुधारते, हे यातून दिसते, आणि माझा मुद्दाही तोच आहे.

वेगाचा प्रश्न यालाच लागून येतो. अ‍ॅमेझॉनला डिसेंबर २०१३ मध्ये एका पद्धतीचे पेटंट मिळाले. ग्राहकाने मागणी नोंदवण्याआधीच, तो ती नोंदवेल या अंदाजाने माल त्याच्या परिसराच्या दिशेने रवाना करायचा, अशी ती पद्धत. त्यामागचा विचार आज साठा कुठे ठेवायचा याच्या नित्य नियोजनाचा भाग झाला आहे: ज्या भागात जे खपेल असे गणित सांगते ते त्या भागाजवळच्या गोदामात आधीच येऊन पडते. मग तेच उद्या मिळते आणि वेगळे काही तीन आठवड्यांनी. उद्या मिळणारी वस्तू अधिक खपते, आणि खपली म्हणून अंदाज बरोबर होता असे नोंदले जाते. भाकीत स्वतःला खरे करून घेते, आणि त्याला आवडीचा पुरावा मानले जाते.

या घाईत जे हरवते त्याला मी अभिरुचीचा काळ म्हणेन. रिकाम्या कोपऱ्यासह काही महिने राहिल्यावर त्या कोपऱ्यात खरे तर काही ठेवायचेच नाही, तिथून उजेड येतो, हे कळते. नीट बसत नसलेल्या टेबलाशी झगडताना आपल्याला नेमकी किती उंची हवी हे समजते. शेजाऱ्याच्या घरी पाहिलेली, नातेवाइकांकडून आलेली, सुताराशी बोलून बदलून घेतलेली वस्तू या वाट पाहण्याच्या काळात विचाराला खाद्य पुरवते. गरज जाणवणे आणि वस्तू दारात येणे यांतले अंतर एका दिवसावर आले की हा सगळा टप्पा गळून पडतो. वस्तू चुकली तर ती परत पाठवायची किंवा टाकून द्यायची, हाच शिकण्याचा मार्ग उरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या आकडेवारीनुसार तिथे १९६० साली टाकून दिलेले फर्निचर आणि गृहसजावटीचे सामान सुमारे २२ लाख टन होते, २०१८ साली ते सुमारे १ कोटी २१ लाख टन झाले, आणि त्यातले सुमारे ८० टक्के जमिनीत पुरले गेले. या काळात तिथली लोकसंख्या दुपटीनेही वाढलेली नाही. ही सगळी वाढ अल्गोरिदममुळे झाली असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण तिचा मोठा भाग त्यांच्या आधीचा आहे. पण आजची यंत्रणा या प्रवाहाला अडवण्याऐवजी त्याला गती देते, आणि या कचऱ्याचा कोणताही संकेत तिच्याकडे परत जात नाही.

यावर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप लोकशाहीचा आहे. पूर्वी घराची अभिरुची ठरवण्याचा अधिकार थोड्या सधन लोकांकडे, त्यांच्या सजावटकारांकडे आणि नियतकालिकांकडे होता. आज मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या माणसाला, घराबाहेर पडणे अवघड असलेल्या अपंग व्यक्तीला, हातात थोडेच पैसे असलेल्या जोडप्याला नीटनेटके घर मांडता येते, आणि एखाद्या कारागिरालाही जगभरचा ग्राहक मिळू शकतो. हा लाभ खरा आहे आणि तो गमावावा असे मला मुळीच वाटत नाही. म्हणूनच 'पूर्वीचे दुकान बरे होते' हा सूर मला मान्य नाही. पण थोडक्या पैशांत घर मांडणाऱ्या जोडप्यालाच तीन वर्षांत मोडणारे कपाट सर्वांत महाग पडते, कारण त्यांना ते पुन्हा घ्यावे लागते. टिकाऊपणाची माहिती दडलेली राहण्याचा फटका श्रीमंतांपेक्षा त्यांना जास्त बसतो. वस्तू सर्वांपर्यंत पोहोचवल्याचे श्रेय घेणाऱ्या व्यवस्थेने माहितीही सर्वांपर्यंत पोहोचवली पाहिजे.

ग्राहकांचे अभिप्राय हे काम करतात, असे सांगितले जाते. ते करत नाहीत, कारण ते बहुतेक पहिल्या काही दिवसांत लिहिले जातात. टेबलाबद्दलचे अभिप्राय वाचले तर त्यात खोके फाटले होते का, स्क्रू पुरे होते का, जोडायला किती वेळ लागला, रंग चित्रासारखा आहे का, याचीच माहिती प्रामुख्याने मिळते. पाच वर्षांनी टेबल डगमगू लागते तेव्हा ते विकणाऱ्याचे नाव बदललेले असते, तो नग यादीतून गेलेला असतो आणि अभिप्राय द्यायला जागाच उरलेली नसते.

कायदा इथे हतबल आहे, असे मानण्याचे कारण नाही. बटण दाबताच नित्य वापराची वस्तू मागवणाऱ्या अ‍ॅमेझॉनच्या डॅश बटणाविरुद्ध म्युनिकच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला, कारण मागणी नोंदवतेवेळी किंमत आणि वस्तू यांची पुरेशी माहिती ग्राहकाला मिळत नव्हती. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यानुसार साडेचार कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मना शिफारशींचा किमान एक असा पर्याय द्यावा लागतो, ज्यात वापरकर्त्याची वैयक्तिक रूपरेखा, म्हणजे त्याच्या माहितीवरून बांधलेले प्रोफाइल, वापरलेली नसते. हे पाऊल आवश्यक होते, पण घराच्या प्रश्नापुरते ते कमी पडते. माझी रूपरेखा काढून टाकली तरी उरलेली यादी खपावरच लागलेली असते, आणि खप छायाचित्रावर आणि खोक्यावर ठरलेला असतो.

क्रम ज्यावर लागतो तो निकषच बदलला पाहिजे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही यांसारख्या काही वस्तूंवर त्यांची दुरुस्ती किती सोपी आहे याचा दहापैकी गुणांक दाखवणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाचा शाश्वत उत्पादनांविषयीचा कायदा जुलै २०२४ मध्ये लागू झाला, वस्तूसोबत राहणाऱ्या डिजिटल पासपोर्टची तरतूद त्यात आहे, आणि एप्रिल २०२५ च्या कार्ययोजनेत फर्निचर आणि गाद्या यांचा प्राधान्याने समावेश आहे. या पासपोर्टमध्ये साहित्य, सुटे भाग किती वर्षे मिळतील, आणि किती वेळा खोलून जोडता येईल, हे नोंदले जावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती माहिती वस्तूच्या पानाच्या तळाशी पडून न राहता शोधयादीच्या क्रमात मोजली जावी. वेगाने मिळणाऱ्या वस्तू निवडण्याची चौकट जशी पहिल्या पानावर असते, तशीच दहा वर्षे सुटे भाग मिळणाऱ्या वस्तूंचीही असावी. मोठ्या प्लॅटफॉर्मनी खरेदीनंतर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी वस्तू अजून वापरात आहे का हे ग्राहकाला विचारावे, आणि विक्रेता निघून गेला तरी त्या उत्तरांची नोंद उत्पादकाच्या नावे जाहीर ठेवावी.

याचा एक धोका मला दिसतो. चाचण्यांचा आणि कागदपत्रांचा खर्च मोठ्या उत्पादकाला सहज पेलतो, आणि वर्षाला थोडेच नग बनवणारा सुतार त्याखाली दबून जातो. विविधता वाचवायला केलेला नियम तिचाच घास घेऊ शकतो. म्हणून ठरावीक संख्येखालचे उत्पादन करणाऱ्यांसाठी चाचणी विनाशुल्क असावी, आणि तिचा खर्च यादीतल्या वरच्या जागा जाहिरातीसाठी विकणाऱ्या प्लॅटफॉर्मकडून घ्यावा. कोणती वस्तू आधी दिसेल हे ठरवून ते पैसे मिळवतात, त्यामुळे ती वस्तू किती टिकेल हे तपासण्याचा खर्चही त्यांच्याकडेच जाणे मला रास्त वाटते.